खालचा खण

सियागंजातलं हे तिसरं दुकान.
ॲल्युमिनियमची पेटी देखणी आहे,
पण राऊच्या माळावर, मेच्या उन्हात
तिला हात लावून दाखवा.
प्लॅस्टिकच्या पेटीची कडी नाजूक.
ही सागाची, कुण्या गवंड्याची असावी:
कोपऱ्यात अजून चुना.

"ठेवणार काय हिच्यात?" हकीमुद्दीनभाई.
इंधनाची बाटली, स्टार्टर, चार पंखे,
रबरबँड, पाना, फेव्हिक्विक,
विनूचा पोह्यांचा डबा.
"आणि विमान?"
ते नाही मावत.

भाई हसले, चष्मा पुसत बसले.
मी खालचा खण ओढला,
वितीनं मोजला. दीड वीत, वर बोटभर.

गेल्या रविवारी स्कूटरवर मागे बसून
तुटका पंख आणला होता मांडीवर,
ओढणीत बांधून.

जाताना हा खण रिकामा.
येताना बघू.