खाली न बघता

आडनाव मुकादम, आणि हातात खराटा.
दुक्मच्या साइटवर पहिल्या सकाळी
टाइमकीपर वालावलकर हसला,
"काय मुकादम, माणसं कुठायत तुमची?"
मी जमिनीकडं बोट केलं.
तीन इंची, वाकडे, काही तोंड वर करून पडलेले
खिळे होते तिथं.

पाच वर्षं झाली. माणसं तीच आहेत.

इथं खरीफ म्हणजे पेरणी नाही.
वारा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दात खात राहतो,
सिमेंटच्या रिकाम्या गोण्या समुद्राकडं धाडतो,
आणि चौथ्या मजल्यावरची प्लायची शीट सुटली
तर ती खाली येईस्तोवर कोयता होते.
म्हणून आधी दोरी, मग खराटा.
खराट्याचं काम दोरीनंच सुरू होतं,
हे कुणी शिकवलं नाही.

फळ्यांतले खिळे उपटतो, दुधाच्या पावडरच्या डब्यात टाकतो.
केबल वाटेतून उचलून आकड्यावर टांगतो.
भोकावर झाकण, झाकणावर लाल रंग.
सळ्यांच्या उघड्या टोकांना
नारिंगी टोप्या चढवतो एकेक,
बाळाला कुंची घालावी तशा.
क्रेनवाला गुलजमान वरून ओरडतो,
"चाचा, रोने लगेंगे!"
साडेबारा ते साडेतीन ऊन कुणाला उभं करत नाही,
सावलीत सगळे आडवे होतात.
तेव्हा मी डबा हलवून बघतो. आज जड आहे.

गेटपाशी फळा आहे:
अपघाताविना इतके इतके दिवस.
रोज सकाळी आकडा बदलतो.

एकशे चाळीसच्या संध्याकाळी
पाण्याच्या टाकीमागचा कोपरा राहिला माझ्याकडून.
घरून व्हिडिओ आला होता.
म्हसळ्याला भावाच्या घराचा स्लॅब पडत होता.
(पडत म्हणजे ओतत. इथं सांगताना
मी तो शब्द बदलून घेतो.)
पोरं शिट्ट्या मारत होती, मिक्सर घरघरत होता,
भावजय पेढे वाटत होती,
आणि मी टाकीला पाठ लावून
माझ्याच पैशांचं काँक्रीट बघत बसलो.

दिलमान राई. बावीस वर्षांचा.
बुटाच्या तळव्यातून आत, वरून बाहेर.
ओरडला नाही. "दाइ," म्हणाला एवढंच,
मलाच, कारण मीच जवळ होतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकशे एक्केचाळीस.
दिलमान कँपात, पाय टबात,
कागदावर ताप.
मी कुणाला काही बोललो नाही.
दिलमानला बोललो. तो म्हणाला, होतं असं.
मग पाण्यातला पाय उगाच हलवत राहिला.

तो खिळा माझ्या कपाटात आहे,
पासपोर्टच्या झेरॉक्सखाली.
डब्यात टाकवला नाही.

गेल्या सुट्टीत म्हसळ्याला गेलो.
वरचा मजला चालू होता.
इस्त्रीच्या कपड्यांत, अत्तर लावून,
मी जिन्याखाली ओणवा झालो.
भाऊ म्हणाला, "लोक बघतायत.
गल्फमधनं आला आणि खिळे वेचतोय."
गवंड्याच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती.
तो हसला.
मी हसलो नाही, दुसरी मूठ भरली.
निघताना त्याला बूट देऊन आलो, माझेच,
एक नंबर मोठे.
घालतो का विचारायला फोन केला,
भावानं विषय बदलला.

आता पावणेसहा. सूर्य टाकीमागं गेलाय.
तो कोपरा मी रोज दोनदा झाडतो,
एकदा दिवसासाठी,
एकदा कशासाठी ते माहीत नाही.

रात्रपाळी येतेय. पुढं नजरुल,
फोन कानाला, पलीकडं सिल्हटात त्याची मुलगी
पाढे म्हणतेय बहुतेक, कारण तो मान डोलावतोय,
एका ठिकाणी थांबून दुरुस्त करतोय,
आभाळाकडं बघत हसतोय,
फळ्यांमधून, सळ्यांमधून,
टाकीमागच्या कोपऱ्यातून चाललाय.

खाली बघ, असं म्हणणार होतो.
म्हटलं नाही.
खराटा बाजूला घेतला, त्याला वाट दिली.