दहावा आठवडा

आरहूसला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
विबेके मांडी बधिर करते,
"आता नुसता दाब जाणवेल, आस्गर."
सुई आत. एक हिसका.
बाहेर येतं तांदळाएवढं मांस,
ओलं, लालसर, माझं.

दहा आठवडे पोटाला टोचून घेतोय
रक्त वाढवणारं ते पाणी.
रक्त दाटलंय, आकडे सांगतात.
टपालाच्या फेरीत पुलाचा चढ
चढ वाटेनासा झालाय.

मांडीचं मात्र वेगळंच.
विबेके भिंगाखाली बघत राहते :
तेच धागे, तेवढेच जाड,
कडेच्या केशवाहिन्या मोजून तेवढ्याच.
"निरोप पोचला असेलही," म्हणते,
"स्नायूनं मनावर घेतलेला दिसत नाही."

आमच्या फ्रिजमध्ये हेरिंगच्या बरणीमागे
एक कुपी असायची.
बाबा शर्यतीहून आले की
मी त्यांच्या पोटऱ्या चोळायचो,
दगडासारख्या.
त्या कुणाच्या होत्या, एवढंच
विचारायला आलो होतो इथे.

त्यांच्याच होत्या तर.
दम तेवढा उसना.

विबेके पट्टी दाबून बसवते.
"दोन दिवस सायकल नको."
मी हो म्हणतो,
आणि खाली येऊन कुलूप काढतो.