दोन मात्रा कमी

शनिवारी साडेपाचला, रामबागेतल्या वाचनालयाच्या माडीवर
मी कविता शिकवतो.
म्हणजे लघू-गुरू शिकवतो, बाकीचं
ज्याचं त्याला येतं किंवा येत नाही.
सात जण असतात. थंडीत चार.
खाली वर्तमानपत्रं वाचणारे म्हातारे वैतागतात,
कारण मात्रा आम्ही टाळीवर मोजतो.

मी मूळचा साताऱ्याचा. इंदुरात एकतीस वर्षं झाली,
तरी शेवेवाचून पोहे खाणारा
आणि इथल्या मराठीला सूट न देणारा.
करून राहिलो, येऊन राहिली,
लाल शाई, लाल शाई.
पोरं म्हणायची, सरांच्या खिशाला जखम आहे.

शरयू तांबवेकर वीज मंडळात होती, बिलांच्या खिडकीवर.
तिची वहीही मंडळाचीच,
पुढून मीटरची रीडिंगं, मागून कविता.
त्या वहीत एकदा आठ ओळी आल्या वडिलांवर.
ते कापडमिलमध्ये फिटर,
मिल बंद पडल्यावरही भोंग्याच्या वेळेला उठून
चपला घालून बसणारे.
शेवटची ओळ होती:
बाबा जाऊन राहिले.

मी खोडलं. वर लिहिलं, जात आहेत.
समासात, बारीक: हिंदीची छाया.

ती भांडली नाही.
बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिली,
मग म्हणाली, सर, दोन मात्रा कमी पडतात.
मी म्हटलं, पडू देत. व्याकरण आधी.
पुढच्या शनिवारी आली, त्याच्या पुढच्याही.
मग उज्जैनला बदली झाली, निदान तसं सांगितलं तिनं.
वही माझ्याकडेच राहिली,
तपासायला.

या मार्गशीर्षात दामूअण्णांच्या सुनेचा फोन.
दामूअण्णा आमचे ग्रंथपाल,
पुस्तकाला कव्हर घालताना श्वास रोखून धरणारे.
सून इथलीच, छत्रीबागेतली.
"काका, लवकर या. अण्णा जाऊन राहिले."

रिक्षात बसलो. एम. वाय. म्हणालो.
आणि शास्त्री पुलाच्या अलीकडे, कोंडीत,
ते वाक्य मांडीवर घेऊन बसून राहिलो.
जातायत?
की गेले, आणि राहिले?
माझ्या मराठीत एक, तिच्या मराठीत दुसरं,
मीटर दोन्हींसाठी पळत होता.
रिक्षावाला वळून म्हणाला, साब, गली से निकाल लूँ?
मला सांगता येईना
घाई आहे की नाही.

सून काही बोलली नाही.
अण्णांचा चष्मा माझ्या हातात दिला फक्त,
काडीला दोरा गुंडाळलेला,
काचेवर अजून बोटाचा ठसा.

रात्री वही काढली.
जा, ऊ, न. रा, हि, ले.
दोन, दोन, एक. दोन, एक, दोन.
दहा.
माझ्या दुरुस्तीत आठ.
एवढ्याशा जागेत
एक फिटर चपला घालून बसला होता,
आणि मी त्याला उठवून
वाक्य झाडून घेतलं होतं.

ब्लेडनं लाल शाई खरवडली.
कागद मंडळाचा, पातळ. भोक पडलं
नेमकं राहिले-वर.
त्यातून पलीकडचं रीडिंग दिसू लागलं:
चार हजार सहाशे बारा.
कुणाच्या घरचं, कोण जाणे.

काल पाच जण होते.
ओंकार निगुडकर, बारावीतला, वाचायला उभा राहिला:
आई पोळ्या लाटून राहिली...
आणि थांबला. माझ्या पेनकडे बघत.
पेन उघडंच होतं.
"चूक आहे का, सर?"
"पुन्हा वाच," म्हटलं. "टाळी देऊन."

खालून कुणीतरी ओरडलं,
हळू.