यादीत नसलेलं गाणं

सुपारी फुटली त्याच आठवड्यात
मानवतच्या टॉकीजला तो हिंदी सिनेमा लागला.
रिक्षावरचा भोंगा गल्लीगल्लीतून ओरडायचा,
प्यार, परिवार और शादी का…
पुढचं सरकीच्या ट्रकखाली जायचं.

त्यांचे मामा मोठ्या मनानं म्हणाले,
जमाना बदललाय, पोरापोरीला सिनेमा बघू द्या.
मग पोरगा, पोरगी, पोराची बहीण,
पोरीची मावशी, मावशीचं तान्हं
आणि राखणीला माझा भाऊ,
असे आम्ही दोघंच सिनेमाला गेलो.

बाल्कनीत तो त्या टोकाला, मी या.
मधल्या रिकाम्या खुर्चीचा पत्रा फाटलेला.
तिच्यावर मावशीनं दुधाची बाटली ठेवली.

पडद्यावर नायिकेचं लग्न ठरत होतं.
तिचा बाप चांगला होता, तीच पंचाईत.
माझाही चांगलाच.
जिनिंगच्या काट्यावर जन्मभर
दुसऱ्याचा कापूस तोलला त्यानं.
माझं स्थळ बघतानाही
तसाच थांबला असेल,
काटा हलायचा बंद होईस्तोवर.

नायिका गायला डोंगरावर जायची.
आमच्याकडं डोंगर म्हणजे सरकीचे ढीग
आणि गाणं म्हणजे
बसस्टँडमागं मुकुंदाचं दुकान,
पंधरा रुपयांत कॅसेट भरून मिळायची.
वहीच्या कागदावर मी बारा गाणी लिहून द्यायचे,
नंबर घालून, खाली एक रेघ ओढून,
कुणी काही वाढवू नये म्हणून.

कॅसेटमधे तेरा निघायची.

तो कधी बोलला नाही,
मी कधी विचारलं नाही.
याला प्रेम म्हणायचं तर म्हणा बापडे.
मी एवढंच केलं,
पुढच्या यादीखाली
रेघ ओढली नाही.

सिनेमाच्या आधी कॅसेट यायची तेव्हा.
म्हणून मला माहीत होतं ते गाणं,
इंटरव्हलनंतरचं,
नायिका मेंदीचे हात उघडे धरून उभी असते ते.
माझं तेरावं.
मी डोळे फाडून बसले,
मिटले तर सांडतील म्हणून.
मावशी कानाशी आली,
अगं माय, ही कशाला रडायली,
लगीन तर चांगल्याच घरी होऊ लागलं की तिचं.

मी मान वळवली, तिच्याकडं बघू नये म्हणून,
तर तिकडच्या टोकाला
विश्वंभर नावाचा तो नवखा माणूस
चष्मा काढून
शर्टाच्या टोकानं पुसत होता.
पुसून झाला तरी पुसत होता.

तेवढ्यात लाईट गेली.

खालून शिट्ट्या, शिव्या, तान्ह्याचं रडं.
जनरेटरनं दोनदा खोकून मान टाकली.
त्या अंधारात त्याचं पहिलं वाक्य ऐकलं मी,
कुणाला म्हणाला कोण जाणे,
गाणं तरी पूर्ण होऊ द्यायचं होतं.

अर्ध्या तिकिटाचे पैसे परत मिळाले.
नायिकेचं कुणाशी लागलं
ते आम्ही बघितलंच नाही.
पुढं टीव्हीवर लागायचा कधीमधी.
हे उठून पाण्याची मोटर बघायला जायचे,
मी भाजी निवडायला घ्यायचे.

आता त्या टॉकीजचं मंगल कार्यालय झालंय.
पडदा होता तिथं स्टेज,
बाल्कनीत वऱ्हाडाच्या गाद्या.
आमच्या मृणालनं पोरगा स्वतः निवडला, उदगीरचा,
वर आम्हालाच म्हणते,
पत्रिका जुळवून घ्या, तुम्हाला बरं वाटेल.

काल डीजेवाल्या पोराला यादी द्यायची होती.
यांनी रात्री बसून लिहिली,
बाजारसमितीच्या जुन्या पावतीमागं,
नंबर घालून, अकरा गाणी,
खाली स्वच्छ रेघ.
आणि रेघेखाली, नंबर न घालता,
ते.

सत्तावीस वर्षं एका ताटातलं मीठ खाल्लं.
ते कुणासाठी, मी विचारलं नाही.
माझं कुठलं, यांनी विचारलं नाही.

पोरगा कागद उलटापालटा करत म्हणाला,
काकू, हे खालचं धरायचं का सोडायचं?
लई संथ आहे, नाचता यायचं नाही.

हे मांडवाच्या दोऱ्या तपासत होते,
पाठमोरे.

मी म्हणाले, धर.
आणि मधेच तोडू नको बाबा.