कच्ची भट्टी

सगुण च्यारीनं काडेपेटीतून आणला
पेडण्याकडच्या एका देवळाच्या भिंतीचा टवका,
नखाएवढा, कापसात गुंडाळलेला,
पडलेला दुधाचा दात जपून ठेवावा तसा.
वर कावीचा लाल, खाली चुना.
"हातूंत किदें घातलां तें सांग म्हाका," म्हणाला,
"तशेंच घालूंक जाय."
भिंतीची डागडुजी त्याच्याकडे आलीय
आणि विचारावं असं कुणी उरलेलं नाही.

रात्री साडेनऊला, ताळगावच्या पठारावर
मी, एसीची घरघर, पेटीत कोंडलेला हिरवा किरण.
खोली काळोखी केली. मोबाइलसुद्धा पालथा.

यंत्राचं सांगायचं तर इतकंच:
कोटीभर प्रकाशकण आदळतात, गेले तसेच परततात;
एखादाच येतो रंग जरासा बदलून,
जिथे जाऊन आला तिथलं काहीतरी अंगाला लावून.
आम्ही त्या एखाद्याची वाट बघत बसतो.
त्याच्या वाटेवर सुईच्या टोकाहून बारीक भोक:
नजर रोखली त्याच खोलीचं आत येतं,
वरचं, खालचं दाराबाहेर तिष्ठतं.

आधी काहीच दिसेना. नुसता उजेड,
टेकाडासारखा चढत गेलेला.
गूळ असावा. चुना मळताना ओतलेलं गुळाचं पाणी
इतक्या वर्षांनीही चमकतं आणि सगळं झाकतं.
एका जागी किरण धरून ठेवला चाळीस मिनिटं,
ती चमक दमेपर्यंत. तोवर मी डबा खाल्ला.
मग रेषा वर आल्या:
दोनशे पंचवीस, दोनशे ब्याण्णव, चारशे अकरा.
हेमटाइट.
पडदा सारून पाहिलं तर
जुवारीच्या मुखाशी एक बार्ज, मुरगावकडे तोंड करून,
पोटात हजार टन हेच.
यंत्राला विचाराल तर दोन्हींत फरक नाही.
मी यंत्राला सगळंच विचारत नाही.

मग एक चूक केली. अहवालात आहे, इथेही असू दे.
लालाच्या कडेला एक पिवळा कण होता, गोएथाइटचा.
नीट दिसावा म्हणून पॉवर वाढवली
आणि रेषा माझ्या देखत सरकल्या.
पिवळा लाल झाला.
त्याच्या आत बांधलेलं पाणी होतं, ते मी उडवलं.
एका मायक्रॉनची काव मी केली त्या रात्री.
आधीचं काय होतं, ते आता फक्त माझ्या वहीत.

पॉवर शंभराव्या हिश्श्यावर आणली
आणि खाली उतरत गेले, दोन-दोन मायक्रॉन.
पहाटेपर्यंत नकाशा भरत राहिला, ठिपका ठिपका.
लाल चुन्यावर बसलेला नव्हता, चुन्यात मुरला होता;
ओल्यावरच फासला असणार.
चुना म्हणजे कॅल्साइट, जिकडेतिकडे सातशे बारा,
आणि मध्येच, एका कोपऱ्यात, सातशे चार.
ऍरागोनाइट.
म्हणजे खुब्याची शिंप. न जळलेली.
भट्टीत गेली, बाहेर आली,
कुटली, मळली, भिंतीत बसली
आणि शिंपच राहिली.

सगुणला पडद्यावर दाखवला,
निळ्या नकाशात तो एक पिवळा तीळ.
बराच वेळ बघत राहिला, मग हसला.
"भट्टी कच्ची उरली आसतली त्या दिसा. लांकडां वलीं."
आणि काडेपेटी उघडता उघडता, अगदी गंभीरपणे:
"आतां? हेंय घालूं?"

मला उत्तर आलं नाही.
टवका कापसात ठेवताना वाटलं,
माझ्या ठिपक्याची जागा तरी याला दाखवावी.
उजेडात धरला, तिरका करून बघितला.
सापडली नाही.
नुसत्या डोळ्यांना ती सगळी कावच होती.