सातवा मनोरा

येर्को, इथून वर बघ.
खाणीच्या तळातून आकाश दिसतं ते एवढंच,
कडा ठेचलेल्या परातीएवढं.
पहाटे तीन ते साडेचार
या परातीत दोनच उपग्रह येतात,
आणि दोघांच्या सांगण्यावरून कुणाचा पत्ता ठरत नाही.
निदान चार लागतात:
तीन जागेसाठी, चौथा
आपलं घड्याळ किती चुकतंय ते सांगायला.

म्हणून काठावर हे मनोरे.
अकरा आहेत. पाठीवर सौर पाटी, पायाशी बॅटरी,
रात्री कोल्हे येऊन वायरी चावतात.
बोलतात ते उपग्रहासारखंच, फक्त जवळून, ठणठणीत.
उपग्रह फिरतात, मनोरे जागचे हलत नाहीत.
असं आम्ही धरून चाललो होतो.

सेकंदाचे अब्ज तुकडे कर.
एका तुकड्यात प्रकाश चालतो
एक वीत आणि वर चार बोटं.
आपल्या ड्रिलला तर बोटाचं पेरही जास्त होतं.
भोक तसूभर सरकलं की स्फोट भलतीकडे ओढतो,
तांबं मातीत जातं, माती तांब्यात.

आणि भिंतींचं ऐकायचं नाही.
हाक खडकावर आपटून उशिरा पोचते,
यंत्राला वाटतं, आपण लांब आहोत.
उशिरा आलेल्याला आत घ्यायचं नाही,
एवढं आजच शीक.

गेल्या ऑगस्टात एलेउतेरिओ विल्का म्हणाला,
"भोकं बरोबर आहेत, पडदा चुकतोय."
बावीस वर्षं ड्रिलवर बसलेला माणूस.
मी हसले. त्याचा अँटेना बदलला.
मग दुसऱ्या ड्रिलचं तेच. मग फावड्याचं.
सगळी एकाच अंगाला कललेली,
जवभर, दोन जव,
आठवड्याअखेर बोटभर.

रात्री वर गेले. उणे नऊ.
काठावर आकाश मोकळं, हवे तेवढे उपग्रह,
सातव्याच्या पायाशी रिसीव्हर ठेवला
आणि गाडीत हात काखेत घालून तासभर बसले.
वरच्यांनी सांगितलेली जागा
आणि माझ्या वहीतली जागा
जुळेनात.
टॉर्च घेऊन मागे गेले.
खडीत एक भेग होती, नखाएवढी रुंद,
उजेड संपला तरी ती संपली नाही.

मनोरा खोटं बोलत नव्हता रे.
त्याला जे पढवलं होतं तेच सांगत होता:
मी इथे आहे, मी इथेच आहे.
पायाखालची जमीन निघून चालली होती, हे
त्याला कोण सांगणार?

वायरलेसवर मी एकच वाक्य दोनदा बोलले.
एलेउतेरिओ सर्वांत शेवटी वर आला,
थर्मास विसरला म्हणून परत फिरत होता,
मी शिवी घातली.
तिसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, भिंत बसली.
रिकाम्या पायऱ्या, रिकामे रस्ते.
आवाज आधी छातीत आला, मग कानात.
माझ्या पडद्यावर सातवा चालूच,
खाली जाता जाताही
जुनाच पत्ता सांगत.

माझी आई कलामाच्या दवाखान्यात फॉर्म भरते.
पत्ता: जुनी वसाहत, चौथी गल्ली, घर नऊ.
ती वसाहत खाणीच्या राबिटाखाली गेली,
चौथ्या गल्लीवर नव्वद मीटर दगड आहे.
त्या घराचा उंबरा
मी बोटाच्या पेराइतका अचूक दाखवू शकते,
नकाशावर.
ते मी तिला सांगितलेलं नाही.
खिडकीतली मुलगी फॉर्म बघते, शिक्का मारते.

उठ आता. अँटेनावरची धूळ पूस,
ओल्या फडक्याने नको, गोठेल.
नवा सातवा जरा मागे, पक्क्या खडकात रोवलाय.
रोज सकाळी त्याची जागा तपासायची.
त्याला विचारायचं नाही.
बाकीच्या दहांना विचार,
आणि वर मोकळं असेल तेव्हा, वरच्यांना.