साडेपाचची फेरी

साडेपाचची फेरीबोट
माझ्या डोळ्यांदेखत धोपाव्याच्या धक्क्यावरून सुटली.
चिऱ्यांचा एक ट्रक, चार मोटारसायकली,
सगळे चढले होते.
मी पळत होते, चपलेचा अंगठा तुटलेला,
आणि फळी वर उचलली गेली.
खलाशाने लांबूनच ओरडून सांगितलं :
आता सव्वासहाला.

पंचेचाळीस मिनिटं.
जणू कुणी हातात कोरी नोट ठेवली
आणि माझ्या ड्रेसला खिसाच नव्हता.

डोक्यात तर चालूच होतं :
दुर्वाचा चार्टपेपर, पिवळा, पांढरा नको, दोनदा सांगितलंय.
सासूबाईंची गोळी सकाळी अर्धी, रात्री पूर्ण, की उलट?
साईशचा दात हलतोय.
भिशीचे पैसे. सिलिंडरचा नंबर.
उडीद भिजत घातले का मी?
शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय,
सर्व आयांनी आजच उत्तर द्यावे.
आयांनी.

मी लॅबमध्ये असते.
सकाळी नऊपासून काचेवरच्या बारीक चौकोनांत
दुसऱ्यांच्या रक्तातल्या पेशी मोजते,
डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ.
घरी आलं तरी बोट थांबत नाही.
डबे, मोजे, चमचे, कुणाचा ताप किती.
रात्री उशीवरही कानामागे
कुणीतरी मोजणीचं बटण दाबत असतं.
टक.
टक.

धक्क्याखाली सुकती लागली होती.
खाडी मागे सरकलेली, चिखल उघडा,
आणि त्यात एक होडी
कुशीवर कलंडून पडलेली.
कुणी तिला उठवत नव्हतं.

मैमुनाबी तिसऱ्या निवडत बसली होती.
"चुकली?"
"चुकली."
"मग बस."
गोणपाटाचा एक कोपरा माझ्याकडे सरकला.

मी सवयीनं विचारलं, एका वाट्यात किती असतात?
ती हसली.
"मोजतंय कोण गो? हाताला कळतं."
एक ओंजळ, तिच्यावर एक मूठ,
वर आणखी चार. की पाच.
हा एक वाटा. शेजारी दुसरा. पलीकडे तिसरा.
सगळी टोपली एकाच बाईच्या पिशवीत रिकामी कर
असं म्हणायला
तिच्याकडे कुणी कधी आलं नसावं.

फोन थरथरला. मी तो पालथा ठेवला.
रडले वगैरे नाही मी.
जांभई आली फक्त, जबडा दुखेल एवढी,
मग दुसरी, मग तिसरी,
डोळ्यांतून पाणी काढणारी.
मैमुनाबीलाही आली. आम्ही दोघी
खाडीकडे तोंड करून जांभया देत बसलो.
पाणी कधी वळलं, कळलं नाही.
होडी जराशी हलली, तेव्हा लक्षात आलं.

सव्वासहाच्या फेरीत उभ्या उभ्या
एका रद्द रिपोर्टच्या पाठीवर
मी वाटे लावले.
रुपेशचा मोठा. दुर्वाचा. साईशचा चिमूटभर.
सासूबाईंच्या नावापुढे पेन अडलं.
त्यांच्या गोळ्या त्यांना स्वतःला ठाऊक असतील,
हे मी चार वर्षांत
विचारलंच नव्हतं.

रुपेशनं कागद उलटून पालटून पाहिला.
"हे काय?"
"तुझा वाटा. मोजू नकोस."
पिशवीतल्या तिसऱ्या त्याच्यापुढे ठेवल्या,
विळीसकट.

चार्टपेपर पांढराच आला.
दुर्वा दोन दिवस धुमसत होती,
बाबावर.
सकाळची अर्धी, रात्रीची पूर्ण : सासूबाईंनी
भाजी निवडता निवडता सांगितलं,
मान वर न करता.

आणि उडीद?
डब्यातच होते, कोरडे ठणठणीत.
मी झाकण लावलं
आणि झोपले.